धुक्यातले तीन ठोके

संपादकांनी फोनवर सांगितलं, "समुद्रावरच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. मग दोन आठवडे कागद पुढ्यात घेऊन बसलो. गमती आठवल्या, नाही असं नाही. पण त्या प्रत्येक गमतीच्या टोकाला कुणीतरी बुडालेलं होतं. तेव्हा हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पान उलटावं, माझा राग नाही.

कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरायला येणारी मंडळी मला कॅप्टन म्हणतात. मी कॅप्टन नव्हतो. जहाजावर नऊ वर्षं अधिकारी होतो, पाठीचा मणका दुखावला म्हणून किनाऱ्यावर आलो आणि पुढची सव्वीस वर्षं मुंबईच्या एका वकिलांच्या कचेरीत नोकरी केली. ती कचेरी फक्त जहाजांचे खटले चालवायची. दोन जहाजं एकमेकांवर आदळली की आमचा फोन वाजायचा आणि मी बॅग उचलून निघायचो. जहाज बंदरात पोचायच्या आत, किंवा पोचल्या पोचल्या, त्यावर चढायचं आणि कॅप्टनपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे जबाब घ्यायचे. दुसऱ्या पक्षाचा माणूसही त्याच वेळी दुसऱ्या जहाजावर हेच करत असायचा. जो आधी पोचेल त्याला ताजं सत्य मिळायचं. दोन दिवसांनी मिळतं ते शिळं असतं, सगळ्यांनी मिळून चघळलेलं.

"कोल्हापुरात बसून समुद्राचं काय सांगताय," असं तलावावरचे लोक चिडवतात. त्यांना मी बिंदू चौकाजवळच्या एखाद्या बोळाचं उदाहरण देतो. समोरून ट्रॅक्टर आला आणि तुम्ही मोटारीत आहात. दोघांनी आपापली बाजू धरली तर निभतं. बंदरात शिरणारी वाट, ज्याला आम्ही चॅनल म्हणतो, ती तशीच असते. नदी दिसायला दोन मैल रुंद, पण मोठं जहाज तरंगेल इतकं खोल पाणी मधल्या एका पट्ट्यातच. नियम असा की जाणाऱ्यानं आणि येणाऱ्यानं आपापल्या उजव्या काठाला चिकटून चालायचं. फरक इतकाच की मोटारीला ब्रेक असतो. भरलेलं जहाज इंजिन उलटं फिरवल्यावरही मैलभर पुढं जातं.

आता त्यावर धुकं टाका. धुक्यातले नियम शाळेतल्या मुलालाही पाठ होतील इतके सोपे आहेत. वेग कमी करा, इतका की वेळेवर थांबता येईल. दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्या. माणूस टेहळणीला उभा करा. आणि पुढून दुसऱ्याचा भोंगा ऐकू आला तर जहाज अगदी मंद करा, गरज पडली तर थांबवा. एवढंच. हे पाळलं असतं तर माझी नोकरी पहिल्या वर्षीच गेली असती.

कुणी किती पाळलं नाही, यावर मग जबाबदारीची वाटणी होते. लोकांना वाटतं, एक जहाज दोषी आणि दुसरं निर्दोष. तसं क्वचितच होतं. याची साठ टक्के चूक, त्याची चाळीस, असं ठरतं आणि नुकसानीची भरपाई त्याच हिशेबानं. काहीच ठरवता आलं नाही तर निम्मं निम्मं. बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, जहाजावर असला तरी मालकाची सुटका नाही. पायलट वाट दाखवतो, जहाज कॅप्टनचंच राहतं.

एकदा दोन्ही कॅप्टनांचे जबाब माझ्या टेबलावर आले. दोघंही शपथेवर सांगत होते की आम्ही उजव्या काठाला इतके चिकटलो होतो की काठावरची झुडपं दिसत होती. मी नकाशावर दोघांना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मांडून पाहिलं. मध्ये बैलगाड्यांची शर्यत लावता आली असती एवढी जागा उरत होती. तरी ही दोन जहाजं एकमेकांना भेटली कशी, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या एका जहाजाच्या वहीत लिहिलं होतं, "धुकं येताच वेग निम्मा केला." अक्षर मोत्यासारखं. मी खाली इंजिनरूममध्ये गेलो आणि त्यांची वही मागितली. तिथं टक्कर व्हायच्या दोन मिनिटं आधीपर्यंत पूर्ण वेग. इंजिनरूमच्या माणसांना खाली धुकं दिसत नाही, त्यामुळे खोटं नेमकं कुठं लिहायचं हेही त्यांना कळत नाही. अशी चोरी पकडली की मला मनापासून आनंद व्हायचा. मी कामात हुशार होतो, हे मी आजही नाकारत नाही. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व किनाऱ्यावरची एक नदी, हिवाळ्यातली सकाळ. कोळसा भरलेलं आमच्या अशिलाचं मोठं जहाज वर बंदराकडे चाललं होतं. समोरून सिमेंटच्या पोत्यांचं एक जुनं, छोटं जहाज येत होतं. आमच्या जहाजाचं नाक त्याच्या कुशीत घुसलं आणि ते सात-आठ मिनिटांत बुडालं. तिघं गेले. इंजिनाला तेल घालणारा एक तेलवाला, एक आचारी आणि एक खलाशी. आमच्या जहाजाच्या नाकाला पोचा आला, रंग खरवडला. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुंबईहून येऊन जहाजावर चढलो. कॅप्टन आणि पायलट या दोघांचे जबाब घेतले. दोघांचं एकच म्हणणं, रडारवर समोरचं जहाज नीट दिसलं नाही आणि पुढं उभ्या केलेल्या माणसानं काही कळवलं नाही. पुढं उभा केलेला माणूस म्हणजे टेहळणीचा खलाशी. धुक्यात त्याला जहाजाच्या अगदी नाकावर उभं करतात, कारण जहाज जिथून चालवतात तो ब्रिज मागच्या टोकाला असतो आणि मध्ये दीडशे मीटर अंतर. त्याला काही दिसलं किंवा ऐकू आलं की त्यानं वॉकीटॉकीवर कळवायचं.

तो खलाशी खालच्या खोलीत बसला होता. तिशीचा, काळासावळा, हाताचे तळवे मांडीखाली दाबून. मी हिंदीत सुरुवात केली. नाव विचारलं. दस्तगीर मुल्लाणी. गाव विचारलं तर म्हणाला गडमुडशिंगी, म्हणजे आमच्या कोल्हापूरशेजारचंच. मी मराठीत म्हणालो, "अरे, मी कळंब्याचा."

त्याचा चेहराच बदलला. "व्हय? मग आपलीच की वो तुमी! देवानंच धाडलं बगा. इथं कोण माजं ऐकंनाच झालंय."

आणि मग तो सांगत सुटला. माझी एक सवय होती. मराठी खलाशाचा जबाब मी आधी त्याच्या शब्दांत, शाळेच्या वहीत लिहून घ्यायचो आणि नंतर त्यावरून टाइपरायटरवर इंग्रजी जबाब तयार करायचो. त्या वहीतलं त्याचं बोलणं आजही माझ्यापुढं आहे.

"वॉकीटॉकी म्हैनाभर बंद हुता सायेब. बोसननं दोनदा कंपनीला लिवलंय, मुंबईच्या हापिसात, नवा धाडा म्हणून. त्यो काय आला न्हाय. म्हणून म्या घंटेपाशी हुबा हुतो. पुढनं भोंगा आला, एक लांब. म्या तीन ठोकं दिलं. कुणी वळखच दिली न्हाय. परत भोंगा, जवळ. परत तीन ठोकं, जोरात. जहाज काय मंद हुईना. मग म्या पळत मागं निघालो, आन् निम्म्यावरच धडाका झाला."

बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम. आता हे ठोके समजून घ्यायला हवेत. जहाजाच्या नाकावर पितळेची घंटा असते. रेडिओ यायच्या आधीपासूनची ही भाषा आहे. उजवीकडं काही दिसलं की एक ठोका, डावीकडं दोन, आणि अगदी समोर असेल तर तीन. दस्तगीरनं सहा ठोके दिले होते. ते ब्रिजवर ऐकू का गेले नाहीत, हेही मी तासाभरात शोधून काढलं. पायलटला थंडी वाजत होती म्हणून ब्रिजची दोन्ही दारं बंद करून हीटर लावला होता. धुक्यात ब्रिजची दारं उघडी ठेवायची असतात, कारण कान हेच तिथं डोळे असतात. हे शिकाऊ अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं.

त्या संध्याकाळी मी टपाल कचेरीतून मुंबईला आमच्या मोठ्या वकिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कंपनीला लिहिलेलं पत्र कुणाकडं आहे?"

"बोसनकडं प्रत आहे म्हणतो."

"ते जबाबात नको."

का नको, ते वाचकांना सांगतो. तेव्हाच्या कायद्यात जहाजमालकाला एक मोठं कवच होतं. जहाजावरच्या नोकरांच्या चुकीनं टक्कर झाली, तर मालकाची जबाबदारी जहाजाच्या आकारावरून ठरलेल्या एका मर्यादेपर्यंतच. बुडालेल्यांची घरं किती का उघडी पडेनात, त्या रकमेच्या पुढं जायचं नाही. पण चूक मालकाची स्वतःची असेल, म्हणजे वॉकीटॉकी बंद आहे हे माहीत असून त्यानं दिला नसेल, तर ते कवच फुटतं. सबंध खटला त्या एका बंद वॉकीटॉकीवर उभा होता. आणि घंटा वाजवली म्हटलं की पहिला प्रश्न येणार, घंटा का, वॉकीटॉकी कुठं होता?

वकील पुढं म्हणाले, "खोटं काही लिहू नका. फक्त नको ते लिहू नका." हे वाक्य मी तेव्हा अगदी रास्त समजलो होतो. आमचं काम अशिलाची बाजू मांडायचं होतं, दुसऱ्याची नव्हे. तो जबाबही आमच्यापुरता होता, समोरच्या पक्षाला दाखवायची सक्ती नव्हती. माझ्या मनाशी मी हेच घोळवत जहाजावर परत गेलो.

इंग्रजी जबाब पाऊण पानाचा झाला. टेहळणीला होतो. धुकं दाट होतं. भोंगा ऐकला. ब्रिजकडून काही उत्तर आलं नाही. मागं निघालो. टक्कर झाली. सगळं खरं. घंटा नाही, वॉकीटॉकी नाही, पत्र नाही.

आमच्या कामाचा एक रिवाज होता. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला त्याचा जबाब त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची. मी इंग्रजी कागद हातात धरला आणि त्याच्याखाली ठेवलेली वही वाचून दाखवली. वहीतलं सगळं, ठोक्यांसकट. दस्तगीर मान हलवत ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "घंटेचं आलं न्हवं त्यात?"

"आलं," मी म्हणालो.

त्यानं सही केली. इंग्रजी कागदावर केली. वहीवरही मीच सवयीनं घेतली. आमच्या पद्धतीत सही फक्त जबाब देणाऱ्याची. घेणाऱ्याची कुठंच नसते.

पुढं सरकारी चौकशी झाली. तिथं जायच्या आधी मी त्याला दम दिल्यासारखं बजावलं, "विचारतील तेवढंच सांग. जास्त बोललास तर अडकशील. बाकीचं सगळं लिहून दिलेलं आहे." आपल्या गावचा साहेब सांगतोय म्हटल्यावर त्यानं ते तंतोतंत पाळलं. त्याला विचारलं, वॉकीटॉकीवरून कळवलं का? तो म्हणाला, नाही. ब्रिजवर कुणी ऐकलं का? माहीत नाही. घंटेबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण वॉकीटॉकीच्या जमान्यात घंटा कोण वाजवतो? बोसन तोवर दुसऱ्या जहाजावर गेला होता. निष्कर्षात एक ओळ आली: टेहळणीच्या खलाशानं वेळेवर सूचना दिल्याचा पुरावा नाही.

दोन्ही मालकांच्या वकिलांनी साठ-चाळीसवर तडजोड केली. साठ आमचे. मर्यादेचं कवच शाबूत राहिलं. त्या तिघांच्या घरच्यांना जे मिळालं ते त्या मर्यादेतलं. त्यांचे पत्ते मी तेव्हा त्याच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले होते. कचेरीत माझं कौतुक झालं. दस्तगीरचं समुद्रावर जायचं पुस्तक, म्हणजे त्याचा परवानाच, वर्षभरासाठी काढून घेतलं आणि त्यानंतर त्याला कुठल्याच कंपनीनं बोलावलं नाही. हे मला नंतर कळलं. कळल्यावर मी काय केलं? काही नाही.

मी निवृत्त होऊन कळंब्यात घर बांधलं. गेल्या हिवाळ्यात तलावावर धुकं उतरलं होतं. आमच्या फिरायच्या टोळीतले आप्पा, गडमुडशिंगीला त्यांची शेती आहे, ते म्हणाले, "कॅप्टन, आमच्या गावात पण एक बोटीवरचा हाय. दळपाची गिरणी चालवतोय. पर धुकं पडलं की गिरणी बंद! बायका डबं घिऊन हुब्या, ह्यो काय उघडत न्हाय. म्हणतोय, गिरणीच्या आवाजात कायबी ऐकू येत न्हाय."

मी नाव विचारलं नाही. गरज नव्हती.

दोन दिवसांनी गेलो. खरं सांगायचं तर कबुली द्यायला गेलो नव्हतो, फक्त बघायला गेलो होतो. गिरणी चालू होती. पिठानं पांढरा झालेला दस्तगीर दाराशी आला. केस पांढरे की पीठ, कळत नव्हतं. मला ओळखायला त्याला एक क्षणही लागला नाही.

"सायेब! तुमी? रेश्मा, खुर्ची आण गं! ह्येच त्ये, कळंब्याचं सायेब." त्यानं पट्टा बंद केला. त्याची मुलगी रेश्मा, गावच्या शाळेत मास्तरीण आहे, ती खुर्ची आणि चहा घेऊन आली. आणि दस्तगीर तिला सांगू लागला, "एवड्या समद्यात ह्येनीच तेवडं माजं ऐकून घेतलं. समदं लिवलं हुतं. घंटेचं, वॉकीटॉकीचं, समदं. पर त्या चौकशीवाल्यांनी मानलं न्हाय."

मी चहा तोंडाला लावला होता. तो तसाच राहिला.

"पयल्यांदा राग आला," तो पुढं म्हणाला. "मग वाटाय लागलं, एवडी शिकलेली मानसं. सायबानी लिवलेलं वाचूनबी न्हाय म्हणत्यात, म्हंजे कुटंतर माजंच चुकलं आसंल. ठोकं हळू दिलं आसतील. का दिलंच न्हाईत? आता मलाच खात्री न्हाय ऱ्हायली सायेब. त्या बुडत्या बोटीवर एक मानूस हुबा हुता, हातात च्याचा मग. त्यो रोज दिसतोय. तिघं माज्यापायी गेली, आसंच धरून चाललोय म्या."

त्याची मुलगी म्हणाली, "अब्बा झोपेत हात हलवतात. तीनदा."

मी तिथून उठलो. काहीच न सांगता उठलो, हेही लिहून ठेवतो. घरी येऊन कपाटावरची ट्रंक काढली. वह्या मी टाकल्या नव्हत्या. का टाकल्या नव्हत्या, याचं उत्तर मला चांगलं देता येत नाही. पुरावा नष्ट करायचा नाही ही धंद्याची सवय असेल. स्वतःविरुद्धचा पुरावाही मी तसाच जपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. गिरणीला कुलूप होतं, दस्तगीर घराच्या पायरीवर बसला होता. मी वही काढली आणि सगळं सांगितलं. दोन कागद होते, वाचला एक आणि सही घेतली दुसऱ्यावर. चौकशीवाल्यांनी घंटा नाकारली नाही, त्यांना घंटा कुणी सांगितलीच नव्हती. बोलताना मी त्याला "तुम्ही" म्हणत होतो. पूर्वी "तू" म्हणायचो.

त्यानं माझ्या हातातल्या वहीकडं बघितलं. मग विचारलं, "म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त हात पुढं केला. मी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली, तेवढ्यात तो म्हणाला, "तुमी नगा वाचू." त्यानं आत हाक मारली. "रेश्मा, हिकडं ये. तू वाच."

रेश्मानं वाचलं. शाळेत वाचतात तसं, ठसठशीत, एकेक शब्द सुटा. वॉकीटॉकी महिनाभर बंद. बोसननं दोनदा लिहिलं. तीन ठोके. परत तीन ठोके, जोरात. दस्तगीर डोळे मिटून ऐकत होता आणि "जोरात" या शब्दाला त्याचा उजवा हात मांडीवर आपटला. तीनदा. मग तो रडला. आवाज न करता, म्हातारी माणसं रडतात तसा. मी मान खाली घालून बसलो. लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे. मला स्वतःची किळस आली.

"खाली सही कुणाची हाय?" त्यानं विचारलं.

"तुमची, अब्बा."

"आन् ह्येंची?"

"ह्यांची नाही."

त्यानं खिशातला पेन काढून माझ्यापुढं धरला. गिऱ्हाइकाच्या डब्यावर नाव लिहायचा निळा पेन. मी त्याच्या सहीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. सव्वीस वर्षं मी जबाब घेतले, पण जबाबाच्या कागदावर केलेली माझी ती पहिली सही.

एव्हाना ऊन आलं होतं. रस्त्यावर दोन-तीन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. दस्तगीर उठला, कुलूप काढलं, बटण दाबलं. गिरणी सुरू झाली. मी दारात उभा राहून म्हणालो, "मला माफ करा." त्यानं कानाकडं बोट केलं, ऐकू येत नाही म्हणून. मी पुन्हा म्हणालो. त्यानं पुन्हा तेच केलं. मग डबा खाली ठेवून माझ्या जवळ आला आणि कानाशी तोंड आणून मोठ्यानं विचारलं, "त्या तिगांच्या घरचं पत्तं हायत का त्या वहीत?"

मी म्हणालो, "आहेत. शेवटच्या पानावर."

"मग हितं काय करतायसा?"

असं म्हणून तो वळला आणि पुढच्या बाईचा डबा घेतला.